निळ्या दोऱ्याची पांढरी काच

कोल्हापूरहून निघताना पिशवीत दोन सदरे, एक टॉवेल आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या निळ्या काचेच्या सहा कांड्या होत्या. हुबळीला गाडी बदलली तेव्हा समोरच्या बाकावर एक आजी येऊन बसल्या. गुंडाळीची टोकं पिशवीबाहेर आली होती. त्यांनी बराच वेळ निरखून पाहिलं आणि मग राहवेना.

"उदबत्त्या का?"

"नाही, काच आहे."

"कुठं निघालात?"

"म्हैसूरला."

"म्हैसूरला उदबत्त्या घेऊन निघालाय!" असं म्हणून त्यांनी शेजारच्या बाईंना कोपरानं ढोसलं. माझं 'नाही' त्यांच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. मीही पुन्हा म्हणालो नाही. एखादी गोष्ट एकदा सांगून पाहायची, नाही पोचली तर गप्प बसायचं, असा माझा स्वभाव. त्या स्वभावाने आयुष्यात काय काय केलं, तेच या प्रवासात सांगायचं आहे.

मी मणी करतो. काचेची कांडी बर्नरच्या ज्योतीत वितळवायची, मातीचा लेप दिलेल्या सळईवर गुंडाळायची, फिरवत राहायचं, मग ऊबदार राखेत पुरून सावकाश गार होऊ द्यायचं. लोकांना वाटतं, पांढरा मणी सगळ्यांत सोपा. आरपार न दिसणाऱ्या भरीव पांढऱ्या काचेइतकी नखरेल काच मी दुसरी पाहिलेली नाही. ज्योत जरा पिवळी झाली की काळवंडते. घाई केली की तडकते. लाड केले की ओघळते. आणि वेगवेगळ्या पांढऱ्या काचांची बंडलं शेजारी शेजारी ठेवलीत तर सगळ्या एकीसारख्या एक, जुळ्या बहिणी.

माझा नेहमीचा पांढरा माल यंदा बिघडला होता, हे खरं. म्हैसूरजवळ बेळगोळला एका गोदामात जुना साठा आहे असं ऐकलं होतं, तेही खरं. बायकोला मी एवढ्या दोनच गोष्टी सांगितल्या. तिसरी खरी गोष्ट सांगायला मला सव्वीस वर्षं लागली. तुम्हाला पानभर थांबावं लागेल, एवढंच.

म्हैसूरला सकाळी उतरलो. हवा अशी की स्वेटर घातला तर उकडतं आणि काढला तर शहारे येतात. स्टेशनजवळच्या हॉटेलात मसाला दोसा घेतला. इथला दोसा आतून लाल चटणी माखलेला असतो, बाहेरून साधा दिसतो आणि पहिल्या घासाला डोळ्यांतून पाणी काढतो. वेटरने न मागता पाण्याचा दुसरा पेला ठेवला. माझ्यासारखे बरेच पाहिले असणार.

दसऱ्याला अजून तीन आठवडे होते. पाय आपसूक देवराज मोहल्ल्याकडे वळले. तिथे मामांचं शिंप्याचं दुकान होतं. मामा म्हणजे आईचे चुलतभाऊ. चार पिढ्या म्हैसूरला. घरी मराठी, गिऱ्हाइकाशी कन्नड आणि विठ्ठलाशी दोन्ही. आता तिथे मोबाइलची कव्हरं विकतात. मी समोरच्या पायरीवर उभा राहून त्या कव्हरांकडे इतका वेळ पाहिलं, की दुकानदाराने विचारलं, "कुठला फोन?" मी खिशातला फोन काढून दाखवला. "ह्याला नाही मिळत," तो म्हणाला, आणि आमचं संभाषण संपलं.

त्या कव्हरांच्या मागच्या भिंतीपलीकडे एक खोली आहे. तिथे मामा ब्लाउजच्या नाड्यांना लावायचे काचेचे मणी आणि बटणं करत. बर्नरला हवा द्यायला भाता हवा, तर त्यांनी जुन्या शिलाई मशिनच्या पॅडललाच भाता जोडला होता. चोविसाव्या वर्षी मी त्यांच्याकडे आठ महिने शिकायला राहिलो. शिकवायचे मामा, पण खरा हात त्यांच्या मुलीचा, ताराक्काचा. माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. तिचा पाय पॅडलवर पडला की ज्योत तिच्या ऐकण्यात यायची. माझ्या पायाखाली तीच ज्योत शिंकायची.

मामांकडे दोन तऱ्हेची पांढरी काच होती. एक रंगांशी जमायची. तिच्यावर निळा ठिपका ठेवा, हिरवा ठेवा, गुण्यागोविंदाने राहायची. दुसरी एकलकोंडी, नुसती पांढरी बटणं करायला ठीक, पण रंग लावला की मणी गार झाल्यावर तडकायचा. शिंप्याच्या घरात खूण करायची म्हणजे दोऱ्याने. रंगांशी जमणाऱ्या बंडलाला निळा दोरा, एकलकोंडीला लाल.

नवमीला म्हैसूरात आयुधपूजा असते. कात्री, मशीन, सायकल, ऑटो, सगळ्यांना आंघोळ आणि हळदकुंकू. पूजा झाली की दुसऱ्या दिवसापर्यंत कुठल्याही हत्याराला हात लावायचा नाही, ती देवापाशी बसलेली असतात. मी उत्साही पाहुणा. बर्नर घासला, चिमटे घासले, आणि तेवढ्याने भागेना म्हणून काचेची प्रत्येक कांडी साबणाच्या पाण्याने धुतली. धुवायची तर दोरे सोडायला हवेत. सोडले. कांड्या चादरीवर उन्हात वाळत घातल्या. गोळा करायला गेलो तेव्हा माझ्यासमोर दोन दोरे होते आणि पांढऱ्या कांड्यांचा एकच ढीग.

मी अंदाजाने बांधले.

त्याच संध्याकाळी ताराक्काला राहवलं नाही. गल्लीतल्या एका सराफाने निळ्या डोळ्याचे पांढरे मणी मागितले होते. "एकच करून बघते रे, नमुन्याला," म्हणत तिने पूजेला बसलेला बर्नर पेटवला. मग तीन दिवसांत तिने सगळी मागणी पुरी केली. इतके देखणे मणी मी पुन्हा पाहिले नाहीत. चौथ्या दिवशी सराफाच्या दुकानात गिऱ्हाइकांसमोर डबा उघडला आणि आतून कुणी बोटं मोडावीत तसा आवाज आला. माळ उचलली तर अर्धे मणी गादीवर गळले.

मामांनी दोनच प्रश्न विचारले. ताराक्काला: "निळ्या दोऱ्याचीच घेतलीस ना?" ती म्हणाली, "होय." खरं होतं. मला: "दोरे नीट बांधलेस ना रे?"

मी म्हणालो, "हो."

मग उरलं एकच कारण, आणि ते ताराक्काने स्वतःहून सांगितलं: "बाबा, पूजेच्या संध्याकाळी मी बर्नर लावला होता." कबूल करायला तिला एक श्वास लागला. त्या दिवसापासून ती बर्नरपाशी बसली नाही, आणि मी दिवाळी होताच गाव गाठलं. पुढच्याच वर्षी तिच्या लग्नाला गेलो नाही, मामांच्या तेराव्याला गेलो नाही, गेल्या वर्षी तिच्या मुलाच्या लग्नाची पत्रिका आली तीही नुसती जपून ठेवली. पत्रिकेवर म्हैसूरच्याच विजयनगर वसाहतीचा पत्ता होता.

तर अशी ती तिसरी खरी गोष्ट. ती सांगायला म्हणून आलो होतो आणि अर्थातच, आधी बेळगोळला गेलो.

ऑटोच्या वाटेवर विजयनगर लागलं. मी मान दुसऱ्या बाजूला वळवली, जणू एवढ्या मोठ्या वसाहतीत ताराक्का गच्चीवर उभी राहून नेमक्या माझ्याच ऑटोची वाट बघत असणार. ऑटोवाल्याने आरशातून विचारलं, "सार, मान धरली का?"

गोदामवाल्यांचं नाव नंजुंडप्पा. साठीचे, कपाळावर विभूती, बोलणं कन्नड आणि दख्खनी हिंदीची मिसळ. आरपार न दिसणारी पांढरी काच हवी म्हटल्यावर त्यांनी तीन बंडलं समोर टाकली.

"ये इडली. ये मोसरु (दही). और ये मल्लिगे (मोगरा)."

मी तिन्ही बंडलांकडे पाहिलं. "फरक काय?"

"इडली इडली है, मोसरु मोसरु है," ते म्हणाले. माझ्या चेहऱ्याची कीव येऊन त्यांनी एकेक कांडी उन्हात धरली. खरंच होतं. इडलीवर किंचित राखाडी झाक होती, दह्याला ओलसर चमक, आणि मल्लिगे मात्र अशी शुभ्र, की तिच्यापुढे माझा सदरा बिनधुतलेला वाटायला लागला.

"इथं बर्नर आहे? तपासून घेतो."

नंजुंडप्पांनी चहूकडे हात फिरवला. छतापर्यंत रचलेल्या काचेच्या पेट्यांतून गवत कोंबलेलं होतं. "जरूर लगाओ. मैं बाहर खडा रहता हूँ."

तिन्हींच्या तीन-तीन कांड्या नमुन्याला देऊन ते म्हणाले, "देख लो, फिर आओ. ले गया सो माल वापस नहीं लेता."

म्हैसूरमध्ये मला ठाऊक असलेला बर्नर एकच, मामांचा; दुकान गेलं तरी तो ताराक्काकडेच असणार. मी ऑटोवाल्याला विजयनगरचा पत्ता सांगितला.

"आता मान बरी झाली वाटतं," तो म्हणाला.

दार ताराक्कानेच उघडलं. गळ्यात टेप, चष्मा डोक्यावर. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"अय्यो! वसंता! केस कुठं टाकून आलास रे?"

"गाडीत राहिले."

"ये, ये. सुम्ने (उगाच) दारात काय उभारलास? विनुता, कॉफी ठेव गं, कोल्हापूरचा चोर आला बघ!"

चोर हे ती पूर्वीही म्हणायची, मी भाकरी पळवायचो म्हणून. तरी मी चपला काढायच्या निमित्ताने खाली वाकून राहिलो.

विनुता ही तिची सून. माहेर कन्नड; मराठी सगळी कळते, थोडी बोलते आणि बोलता बोलता हसते. तिने कॉफी आणली, बरोबर म्हैसूरपाकाचा भुसभुशीत तुकडा, जो हातात घेण्याआधीच सांडतो.

"बरं झालं आत्ता आलास," ताराक्का म्हणाली. "नवमीला आला असतास तर थंड अवलक्की (पोहे) खावी लागली असती."

"का?"

सासू काही सांगायच्या आत सुनेनं सगळं सांगून टाकलं. या घरात नवमीला गॅस पेटत नाही. विळी नाही, सुरी नाही, इस्त्री नाही. गॅसचा लायटरसुद्धा देवापाशी हळदकुंकू लावून बसतो. सकाळपासून रात्रीपर्यंत भिजवलेली अवलक्की आणि दही. "अक्कपक्कद (शेजारच्या) घरातून होळिगेचा (पुरणपोळीचा) वास," विनुता म्हणाली, "आणि आम्ही अवलक्की!"

"माझ्या हातून एकदा झालं ना," ताराक्का सहज म्हणाली, पाऊस पडला होता म्हणावं तसं. "बाबांचं नाव गेलं मार्केटात. परत नको."

मी म्हैसूरपाक सांडला.

काच तपासायचीय म्हटल्यावर तिने मागची बाल्कनी दाखवली; मामांचा बर्नर तिथे होता. दर आयुधपूजेला ती भात्याच्या चामड्याला तेल लावी, पितळ चिंचेने घाशी, कुंकू लावी. सव्वीस वर्षांत तिने एकदाही पेटवला नव्हता; पण मामा आठ वर्षांपूर्वी जाईपर्यंत त्यापाशी बसायचे, आणि अजून सगळं चालू स्थितीत होतं. मी विनुताचा गॅस जोडून घेतला. ताराक्का चौकट धरून दारातच उभी राहिली. चार पावलं लांब. मी पॅडलवर पाय ठेवला. ज्योत शिंकली.

"अजून तसाच रे तू," ती म्हणाली.

आधी दही धरलं. ते लगेच पातळ झालं आणि मणी सळईच्या एका बाजूला लोंबायला लागला.

"फिरव की! झोपलास का?"

"फिरवतोय."

"हौदा (हो का)? मला तर मणी तुला फिरवताना दिसतोय."

दही बाद. मग इडली. ज्योतीत घातली आणि टोक 'फट' करून उडालं, थेट विनुताच्या तुळशीत. मग मल्लिगे. काय सांगू! लोण्यासारखी वितळली, डाग नाही, झाक नाही. मणी झाला तो मोगऱ्याची कळीच. ताराक्का एक पाऊल पुढे आली.

"हीच घे," ती म्हणाली. "सोन्यासारखी आहे."

"थांब. अजून एक बघायचंय." मी माझ्या निळ्या कांडीचा गोळा केला, त्याला मल्लिगेचा गोळा शेजारी चिकटवला, दोन्ही लाल झाल्यावर चिमट्याने ओढले. हातभर काचेची बारीक तार निघाली, अर्धी पांढरी, अर्धी निळी. मी ती फरशीवर ठेवली. गार होता होता ती वाकली. कुणी हात न लावता वाकली, विळ्यासारखी.

"हे काय रे?"

ही परीक्षा मामांना ठाऊक नव्हती. मीही पुढे कधीतरी शिकलो. "तार सरळ राहिली तर दोन काचांचं जमतं," मी म्हणालो. "वाकली तर एक जास्त आकसते, एक कमी. जमत नाही."

"जमलं नाही तर मणी गार झाला की लगेच तडकतो ना?"

"कधी लगेच. कधी तीन-चार दिवसांनी."

ताराक्का त्या वाकड्या तारेकडे बघत राहिली. मग म्हणाली, "चौथ्या दिवशी?"

त्या क्षणी मी आणखी एकदा गप्प बसू शकलो असतो. ते मला उत्तम जमतं. पण पाय पॅडलवरून काढला, ज्योत बारीक झाली, आणि म्हणालो: "ताराक्का, पूजेच्या दिवशी धुवायला म्हणून दोरे मी सोडले होते. परत बांधले ते अंदाजानं. मामांना 'हो' म्हणालो ते खोटं होतं. तुझ्या बर्नर लावण्यानं काही झालं नव्हतं."

शिलाईच्या मशिनवर बसल्यासारखा तिचा उजवा पाय फरशीवर हलत होता.

"परत ओढ," ती म्हणाली.

मी परत ओढली. वाकली.

"परत."

वाकली.

"बाबा गेले रे तसंच समजून," ती म्हणाली. मग ती आत गेली. मला वाटलं, आता पिशवी उचलावी. तेवढ्यात आतून हाक आली, "इकडं ये. त्यांना सांग."

देवघराशेजारी मामांचा फोटो होता, हार घातलेला. मी पुटपुटायला लागलो.

"मोठ्यानं," ताराक्का म्हणाली. "शेवटी शेवटी त्यांना कमी ऐकू यायचं."

मी मोठ्यानं सांगितलं. दोरे, चादर, ढीग, 'हो'. पन्नाशीचा माणूस भिंतीपुढे उभा राहून ओरडत होता. स्वयंपाकघरातून विनुता हात पुसत आली.

"हिलाही सांग," ताराक्का म्हणाली. "कन्नडात. तेवढा दंड तरी भर."

माझं कन्नड बाजारापुरतं. 'दारा' (दोरा), 'बिळी' (पांढरं), 'तप्पु' (चूक) आणि 'नानु' (मी) एवढ्या चार शब्दांवर मी ती गोष्ट कशीबशी ओढत नेली. विनुताने सगळं गंभीरपणे ऐकून घेतलं. मग सासूकडे वळून विचारलं:

"अत्ते (सासूबाई), म्हणजे... नवमीला गॅस पेटवायचा?"

"तुला गॅसचं पडलंय!" ताराक्का खवळली. "इथं सव्वीस वर्षं मी..." आणि बोलता बोलता थांबली. तोंडातल्या तोंडात काहीतरी जुळवत राहिली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "सव्वीस वेळा थंड अवलक्की खाल्ली रे मी. मला अवलक्की आवडत पण नाही!"

आधी विनुता हसली, मग तोंडावर पदर धरून ताराक्का. मला हसायची परवानगी आहे की नाही ते कळेना, म्हणून मी फरशीकडे पाहत राहिलो.

"सरक आता," बाल्कनीत आल्यावर ती मला म्हणाली. "तुझ्या पायानं काय होणार नाही."

तिने पदर खोचला. बसायच्या आधी बर्नरला हात लावून डोळ्यांना लावला. पाय पॅडलवर गेला आणि ज्योत निळी, सरळ, पेन्सिलीच्या टोकासारखी उभी राहिली. पहिला मणी मात्र वाकडा झाला आणि तिने मला तो बघू दिला नाही. मग तिने इडली उचलली. ती ज्योतीच्या बाहेरच, वरच्या उबेत धरली, मागेपुढे, मागेपुढे, दोशाचा तवा तापवावा तशी.

"ही तडकत नाही रे. तुला धीर नाही. हिला सावकाश तापवायचं." मग कांडी फिरवत, "सव्वीस वर्षं नाही लावायची. स्वल्प (थोडंसं)."

इडली वितळली. राखाडी झाक ज्योतीत निघून गेली. तिने निळ्याशी जोडून तार ओढली, माझ्यापेक्षा दुप्पट लांब, आणि फरशीवर ठेवली. आम्ही तिघं वाकून बघत होतो. तार गार झाली. सरळच राहिली.

"इडली घे," ताराक्का म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नंजुंडप्पांकडून इडलीची बंडलं उचलली. "मल्लिगे नक्को?" त्यांना नवल वाटलं. "सब मल्लिगेच ले जाते." गाडीच्या आधी परत विजयनगरला गेलो, कारण तसं बजावलं होतं. ताराक्काने प्रत्येक बंडलाला निळा दोरा बांधला, शिंप्याची गाठ, जी दाताशिवाय सुटत नाही. माफ केलं असं ती म्हणाली नाही आणि मी विचारलं नाही. फाटकापाशी म्हणाली, "धुतोस का अजून काच?"

"पुसतो."

"दोरा न सोडता पूस."

परतीच्या गाडीत समोर कुणी आजी नव्हत्या. पांढऱ्या कांड्यांची बंडलं मांडीवर घेऊन बसलो होतो. एका माणसाने विचारलं, "मेणबत्त्या का?" मी म्हणालो, "नाही, काच आहे." त्याला ऐकू गेलं नाही. मी पुन्हा, जरा मोठ्यानं सांगितलं.

खंडेनवमीला सकाळी मी घरी चिमटे घासले, बर्नर घासला आणि इडलीची बंडलं ओल्या फडक्याने पुसायला घेतली. फोन वाजला. पलीकडून आधी नुसताच तव्यावर पीठ पडल्याचा 'चुर्र' आवाज आला, आणि मागून विनुताचं हसणं.

मग ताराक्का. "मी नाही हं पेटवला. हिनं पेटवला. मी आपली अवलक्की खाल्ली."

"बरं."

तव्यावर पुन्हा 'चुर्र' झालं. "मग दोन दोसे खाल्ले."

"आणि बर्नर?"

"आज कसा पेटवायचा रे? पूजेला बसलाय," ती म्हणाली. "उद्या."

फोन ठेवून मी पुन्हा फडकं घेतलं. बंडलं लखलखीत झाली. दोऱ्याखाली मात्र बोटभर रुंदीची धूळ राहिली. ती मी तशीच राहू दिली.